सांगाडा एक, खण चौघांचे



पनवेलचा इतिहास सांगायला बसलं की आपण बंदरापासून सुरुवात करतो. मुंबईहून होड्या पनवेलच्या खाडीत लागायच्या आणि उतारू तिथून घाटाची वाट धरायचे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि गाव भरभराटीला आलं. १८५२ मध्ये इथे नगरपालिका आली. बैलगाडीची चाकं करणाऱ्या पनवेलच्या सुतारांची दखल जुन्या गॅझेटियरांनीही घेतली. पुढे आगगाडी कल्याण-कर्जतमार्गे घाट चढली आणि पनवेल बाजूला पडलं. हे सगळं आपल्या माहितीचं आहे. पण ज्या भातावर हा बाजार उभा होता, ते भात ज्या घरांत झोडलं, साठवलं आणि कांडलं गेलं, त्या घरांचा इतिहास आपण लिहिलेला नाही. त्या घरांबद्दल आज बोलायचं आहे.

पनवेल तालुक्यातल्या एखाद्या जुन्या शेतकरी घराच्या पडवीत उभे राहा आणि भिंतींकडे न बघता वर बघा. काळ्या दगडाचं जोतं. जोत्यावर दगडी तळखडे, त्यांवर सागाचे किंवा ऐनाचे खांब. खांबांच्या माथ्यावर तुळया, मधोमध उंच आढं, आढ्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर कौलं. तुळईच्या खाचेत खांबाचं कुसू बसवलेलं, वर लाकडी खुंटी मारलेली. लोखंड जवळजवळ नाहीच. छपराचा सगळा भार या सांगाड्यातून जोत्यात उतरतो. भिंती फक्त आडोसा करतात. कारवीचा कूड शेणमातीने लिंपलेला असो, मातीच्या विटा असोत की लाकडी फळ्या, भिंत काढली तरी छप्पर जागेवर राहतं.

माझ्या आजच्या म्हणण्याचा आधार हीच एक गोष्ट आहे. भिंतींवर भार नव्हता म्हणून हे घर आतून बदलता आलं. ते पिढ्यान्‌पिढ्या बदलत राहिलं, आणि म्हणूनच शेत, जमीन, बाई आणि बाजार यांच्यात काय काय झालं त्याची नोंद त्याच्या आराखड्यात राहिली.

आपल्याकडे घर मोजायचं ते खणांत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. त्याची लांबी लाकूड जसं मिळेल तशी गावागणिक वेगळी. दुखणी घर, तिखणी घर, पाचखणी घर असं म्हटलं की ऐकणाऱ्याला घराच्या आकाराबरोबर घरच्या ऐपतीचाही अंदाज यायचा. खण एका बाजूला वाढवता यायचे, आणि पुढून मागे घर पट्ट्यापट्ट्यांनी वाढायचं: खळं म्हणजेच अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि परसू. आढं बहुधा माजघरावर, म्हणून सगळ्यांत उंच खांब माजघरात आणि माळाही तिथेच.

या पट्ट्या अशा का लागल्या, ते पावसाने आणि भाताने ठरवलं आहे. इथे वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत पडवी हीच घराची कामाची जागा. इरली तिथे टांगायची, नांगर-जू तिथे ठेवायचं, लावणीहून आलेले चिखलाचे पाय तिथे धुवायचे. पश्चिमेचा मारा थोपवायला नारळीच्या झावळ्यांचे झाप बांधले की पडवीत अंधार व्हायचा, पण कुडाची माती वाचायची. छपराच्या पागोळ्या भिंतीपासून हात-दोन हात लांब पडल्या पाहिजेत हा सुताराचा पहिला नियम होता. पाऊस संपला, कापणी झाली की तेच अंगण चोपून, सारवून खळं व्हायचं. भारे तिथे झोडायचे, उडवी तिथेच रचायची. मग हळद-लग्नांचे दिवस आले की त्याच सारवलेल्या जागेवर मांडव पडायचा आणि आगरी घरात धवलारीण धवले गायला बसायची.

धान्य मात्र आत जायचं. कणगी माजघरात किंवा ओटीच्या अंधाऱ्या टोकाला, बियाण्याच्या मुड्या माळ्यावर. खाली स्वयंपाकघरातली चूल पेटली की धूर थेट माळ्यावर चढायचा आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. जुने वासे काळेभोर दिसतात ते या धुरामुळे. त्या धुराने बियाणं आणि लाकूड दोन्ही किडीपासून राखलं. आपण आज धुराला फक्त त्रास समजतो. डोळे आणि फुप्फुसं जाळणाऱ्या बाईच्या बाजूने पाहिलं तर तो त्रास होताच, पण छपराच्या बाजूने पाहिलं तर ते रोजचं औषध होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत हे मान्य केल्याशिवाय जुन्या घराबद्दल प्रामाणिकपणे बोलता येत नाही.

सगळी घरं अशी नव्हती, हेही इथेच सांगायला हवं. खोताच्या किंवा इनामदाराच्या वाड्यात देवघर, सोवळ्याचं स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली आणि कुळांनी घातलेल्या भातासाठी वेगळं कोठार असे. आगरी-कुणब्याच्या घरात ओटी आणि माजघर हेच घर, देव माजघराच्या कोपऱ्यात, उखळ जमिनीत पुरलेलं आणि गोठा त्याच छपराच्या एका टोकाच्या खणात. कातकरी-ठाकरांच्या झोपडीत दुबेळक्याच्या मेढी, कारवीचा कूड आणि गवताचं छप्पर. पण बांधणीचं तत्त्व तिन्हींत एकच. किंबहुना वाड्याचा खांब म्हणजे त्या मेढीचीच पुढची पायरी. जमिनीत पुरलेली मेढ बुडाशी कुजते, म्हणून ज्याला जमलं त्याने खांब दगडावर उचलून घेतला. वाड्याच्या कोरीव हस्तांचं कौतुक करताना आपण हे मूळ विसरतो, आणि ज्यांनी ते जपलं त्यांची घरं ‘कच्ची’ या एका शेऱ्यात संपवतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

आता लाकडाबद्दल. सागवान आणि शिसव ही सरकारी झाडं मानली गेली, रानं राखीव झाली आणि शेतकऱ्याला खांबासाठी परवाना लागू लागला. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे-कुलाब्यात इतका असंतोष झाला की १८८५ मध्ये सरकारला खास या दोन जिल्ह्यांच्या जंगलांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. राबासाठी पाला, जळणासाठी फाटा आणि घरासाठी वासा, तिन्ही एकाच रानातून यायचे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला, अक्कादेवीच्या डोंगराकडे लोक जंगल सत्याग्रहासाठी कोयते-कुऱ्हाडी घेऊन निघाले. गोळीबारात आठ जण हुतात्मे झाले. आपण त्याची आठवण स्वातंत्र्यलढा म्हणून ठेवतो, आणि ती तशी ठेवायलाच हवी. पण घरं पाहणारा माणूस म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या लाकडावर या लोकांची घरं उभी होती, त्या लाकडावरचा हक्कही ते मागत होते.

लाकूड दुर्मीळ झालं तसं घर बदललं. खांब बारीक झाले, सागाऐवजी ऐन, किंजळ, हेद जे मिळेल ते आलं. बाहेरच्या बाजूला विटांची किंवा दगडाची जाड भिंत बांधून तिच्यावरच वासे टेकवायची रीत वाढली. घराचा सांगाडा अर्धा लाकडाचा आणि अर्धा भिंतीचा झाला, आणि बाहेरच्या भिंती हलवण्याची मोकळीक तिथे संपली.

त्याच सुमाराला कौल बदललं. गवताच्या छपरानंतर गावच्या कुंभाराची नळीची कौलं आली होती. ती दर वैशाखात परतावी लागत. माकडं नाचली की फुटत, सरकली की गळत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला यंत्राच्या कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने वर येऊ लागली. मंगलोरी कौल एकमेकांत अडकून बसतं. त्यामुळे दरसालची शाकारणी कमी झाली, पण त्याला रिपा अगदी ठरावीक अंतरावर आणि सरळ कापलेल्या लागतात. वाकडातिकडा रानातला वासा आणि बांबूची रीप आता चालेनाशी झाली. करवतीने कापलेलं लाकूड बाजारातून विकत आणावं लागलं. आणखी एक गोष्ट झाली: छप्पर घट्ट बसलं आणि धूर कोंडला. म्हणून चुलीवर धुराडं आलं, आणि माजघराच्या काळोखात उजेडासाठी काचेचं कौल बसलं. एका कौलाच्या बदलाने घराच्या आतली हवा, उजेड आणि सुताराचा हिशेब असं सगळंच बदललं.

इंग्लंडमध्येही अशीच लाकडी सांगाड्याची शेतघरं होती. मधोमध उघडा जाळ आणि वर थेट छप्पर. सोळाव्या शतकाच्या आसपास त्यांत विटांचं धुराडं घातलं गेलं, मग धुराने व्यापलेली वरची पोकळी मोकळी झाली आणि तिथे मजला आला. आज तिथले अभ्यासक छपरातलं काजळलेलं लाकूड पाहून सांगतात की हे घर आधी उघड्या जाळाचं होतं. आपल्या काळ्या वाशांकडे आपण अजून तसं पाहायला शिकलेलो नाही.

मग जमिनीचा प्रश्न आला. अलिबागजवळच्या चरीचा शेतकरी संप १९३३ ते १९३९ चालला. खोती कायद्याने गेली. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणारा जमिनीचा मालक ठरला. याचा परिणाम सातबाऱ्यावर शोधतात, तसा तो घराच्या आराखड्यातही शोधायला हवा. वाड्यातलं भातकोठार रिकामं पडलं. काही ठिकाणी त्याची झोपायची खोली झाली, काही ठिकाणी त्याला नुसतं कुलूप लागलं. कुळाच्या घरात मात्र खंडाचं भात बाहेर जायचं थांबलं आणि कणग्या वाढल्या. एक खण वाढला, माळ्याला फळ्यांची जमीन आली, कुडाच्या जागी वीट आली. सत्ता एका छपराखालून दुसऱ्या छपराखाली गेली, आणि ती खणांनी मोजता येते.

भाताच्या गिरण्या आल्या आणि उखळ-मुसळ गेलं. हा बदल छोटा वाटेल, पण घरातल्या बाईसाठी तो फार मोठा होता. पहाटे कांडण करण्याची मागच्या पडवीतली जागा मोकळी झाली आणि त्या जागेत मोरी आली. बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली आणि बाळंतिणीच्या खोलीत पिंप आणि ट्रंका गेल्या. गॅस आला आणि चूल जमिनीवरून ओट्यावर चढली. बाई बसल्याची उभी राहिली. धूर गेला, छपराची राखणही गेली. पुढच्या पडवीला आधी लाकडी गज, मग जाळी, मग खिडक्या लागल्या आणि ती बंद झाली. ओटीचा हॉल झाला. पूर्वी पाहुणा ओटीवर, घरच्या बायका माजघरात, त्यांची ये-जा मागच्या दाराने. आता सगळे एकाच खोलीत दूरदर्शनसमोर बसले. जुनी विभागणी सुंदर होती असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ती ज्यांना पाळावी लागली त्यांना कोणी विचारत नाही. माझ्या मते ओटी आणि माजघर यांच्यामधली भिंत पडली हे चांगलंच झालं, आणि खांब न हलवता ती पाडता आली हे त्या सुताराचं श्रेय.

इतकं सगळं या सांगाड्याने सोसलं. मग ही घरं पडतात कशाने? वाळवीने, पावसाने, असं आपण म्हणतो. पुष्कळ घरांत फिरल्यावर माझं मत बनलं आहे की यांतली बहुतेक घरं वाटणीने पडतात.

शेताची वाटणी बांध घालून होते. घराची वाटणी खणांनी होते. चार भाऊ, पाच खण. थोरल्याला जास्तीचा खण, कारण त्याच्याकडे देव. खांबाखांबांच्या रेषेत भिंती चढतात. माजघर आडवं होतं, त्याला उभे छेद जातात. एका लांब माजघराच्या चार अरुंद बोळांसारख्या खोल्या होतात, आणि आधी जी घराची सगळ्यांत थंड जागा होती तिथे आता ना वारा ना उजेड. चार चुली, चार मोऱ्या. प्रत्येक मोरीचं पाणी कुठल्या ना कुठल्या खांबाच्या बुडाशी मुरतं. इथपर्यंतही घर तग धरतं. पण आढं एकच असतं. तुळई दोघांच्या हद्दीवरून जाते. सामायिक भिंतीतला खांब कोणाचा? एकाचं कौल फुटलं तर पाणी दुसऱ्याच्या वाशावर उतरतं. एक भाऊ मुंबईत गोदीत किंवा गिरणीत, त्याच्या खणाला कुलूप, आणि गळती नेमकी तिथूनच सुरू. मग कोणीतरी आपल्या दोन खणांपुरतं छप्पर उतरवतो आणि तिथे स्लॅबचं घर बांधतो. सांगाडा मधोमध कापला जातो. उरलेल्या अर्ध्याला एका बाजूचा आधार राहत नाही. तो एखाद्या आषाढात झुकतो आणि सगळे म्हणतात, जुनं झालं होतं.

घर बांधणाऱ्याने भिंती हलवण्याची सोय ठेवली होती, सांगाडा तोडण्याची नाही. आणि आपल्या गावठाणांच्या व्यवहारात सामायिक छपराच्या दुरुस्तीचा खर्च कोणी कसा वाटून घ्यावा याची रीत तयार झाली नाही. सामायिक विहिरीची पाळी आपण ठरवतो, खारजमिनीच्या बांधाची डागडुजी गावाने मिळून करायची परंपरा या खाडीकाठाला आहे, पण सामायिक आढ्याची पाळी कोणी ठरवली नाही. हे कायद्याचं काम आहे तितकंच भावकीचं आहे.

बाकीचं आपल्या डोळ्यांदेखत घडलं. १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ आलं आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला जे आंदोलन झालं, त्यात पाच शेतकरी गेले, आणि त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. शेत गेलं तशी गुरं विकली गेली. गोठ्याच्या खणात भाड्याच्या खोल्या उठल्या. खळ्यावर चाळ आली, कारण भात नसेल तर खळं ही केवळ मोकळी जागा असते, आणि पनवेलात मोकळ्या जागेला भाडं येतं. यात शेतकऱ्याला दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. पोट भरायला त्याच्या हातात तेवढंच उरलं होतं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावं उठली, माणसं वडघर-करंजाड्याकडे वसवली गेली. मोबदल्यासाठी बांधकामाची मोजमापं निघाली. पण माजघर कुठे, उखळ कुठे, कुठला खण कधी वाढवला, हे मोजमापाच्या कागदावर येत नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडभर कौलं उडाली. ज्यांच्या छपरांवरची कौलं गेली त्यांनी घाईने पत्रे घातले, आणि त्यांना तेच परवडण्यासारखं होतं. पण पत्रा हलका, म्हणून वासे काढून लोखंडी नळ्या आल्या. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात तापून निरुपयोगी झाला. पागोळ्या आखडल्या आणि मातीच्या भिंती भिजू लागल्या. कौलाच्या घराची दुरुस्ती कौलानेच व्हावी यासाठी मदतीत वेगळी तरतूद असावी, ही मागणी मी या व्यासपीठावरून करतो.

लाकडी घर म्हणजे धोकादायक घर हा समजही तपासून घ्यायला हवा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती मुख्यतः जाड, ओबडधोबड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. काही घरांत भिंती कोसळून आतला लाकडी सांगाडा उभा राहिलेला दिसला. कोकणातलं उतरतं छप्पर माळवदापेक्षा किती तरी हलकं. सांगाडा शाबूत, सांधे घट्ट आणि खांबाचं बूड कोरडं असेल तर हे घर कच्चं नाही.

स्मारकांचंही बोललं पाहिजे. वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा, शिरढोणचा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. शिरढोणच्या त्या वाड्याला आपण वंदन करतो ते एका माणसासाठी, आणि ते उचितच आहे. पण त्याच गावात, त्याच काळात, त्याच सुतारांच्या हातची जी साधी घरं होती, त्यांचा एकही मोजलेला नकाशा आपल्या हाताशी नसेल तर वाडा एकटा काय सांगणार? चेन्नईजवळ दक्षिणचित्र या संग्रहालयात दक्षिणेतली जुनी घरं उतरवून, पुन्हा जुळवून १९९६ पासून लोकांना दाखवली जात आहेत. लाकडी सांगाडा खुंट्या काढून उतरवता येतो आणि पुन्हा उभा करता येतो. आज आपल्याकडे तो उतरवला जातो तो जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यासाठी. खांब कोणाच्या तरी बंगल्याची शोभा होतात, आणि ते कुठल्या गावच्या कुठल्या घरातले हे कोणालाच ठाऊक नसतं.

सगळी घरं वाचणार नाहीत, आणि वाचावीत असा हट्ट धरायचा मला अधिकार नाही. त्यांत राहणाऱ्यांना कोरडं, उजेडाचं घर हवंच. पण मोजता सगळी येतील. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होते, मिळकत पत्रिका मिळतात. ते काम गरजेचं आहे, पण ड्रोनला छप्पर दिसतं, माजघर दिसत नाही. आत शिरून मोजणं माणसालाच करावं लागेल. नेरे, वावंजे, मोहो, आपटा, शिरढोण या बाजूंना अजून घरं उभी आहेत आणि सिडकोच्या नैना या नव्या शहराच्या प्रकल्पाची आखणी यातल्या कित्येक गावांपर्यंत पोहोचली आहे. वास्तुशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एकेक गाव घ्यावं. टेप, कागद, पेन्सिल पुरे. प्रत्येक खांबाला क्रमांक द्यावा, लाकूड कुठलं ते गावच्या सुताराला विचारावं. भिंत मूळची की नंतरची हे तिच्या आणि खांबाच्या सांध्यावरून ओळखता येतं. वाटणी कुठून झाली, कुठल्या खाचा रिकाम्या राहिल्या आहेत, म्हणजे तिथली तुळई किंवा फळी कधी निघाली, हेही लिहावं. आणि हे सगळं आधी घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला विचारावं. चूल किती वेळा हलली हे तिला माहीत असतं, आणि चुलीच्या जागांवरून घराचे निम्मे बदल कळतात.

या वर्षी सुरुवात करायची तर पावसाआधी करायला हवी, कारण गळक्या खणाला कुलूप असलेली काही घरं पुढच्या आषाढापर्यंत उभी राहतील याची खात्री कोणी देणार नाही. ज्यांच्या भावकीत असं घर आहे त्यांनी व्याख्यानानंतर थांबावं, गावाचं नाव आणि खणांची संख्या एवढंच सांगावं. पहिली यादी आपण इथेच करू.